झाडाला काय टांगावे?

नाताळ जवळ आला म्हणजे पणजी, मडगाव, म्हापसा येथील बाजारपेठांना एक निराळेच रूप येते. दुकानांच्या दारांत कागदी चांदण्या लोंबू लागतात, दिव्यांच्या माळा लुकलुकतात आणि हात-दीड हात उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंतची हिरवी प्लॅस्टिकची झाडे ओळीने मांडली जातात. ही झाडे आता केवळ ख्रिस्ती बांधवांच्या घरीच जातात असे नाही. मुलांच्या हट्टापायी म्हणा, हौसेपायी म्हणा, अनेक हिंदू घरांतही ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी राहतात. मग दरवर्षी कोणीतरी प्रश्न करतो, की हे परक्यांचे झाड आपल्या घरात कशाला? त्यावर दुसरा कोणीतरी उत्तर देतो, की त्यात काय बिघडले, ती एक शोभा आहे! आम्हांस वाटते, की या वादात दोन्ही पक्षांचे मूळ गोष्टीकडे दुर्लक्ष होत आहे. झाड कोणाचे, हा प्रश्न दुय्यम आहे. माणसाने झाड सजवावयास मुळात सुरुवात का केली आणि त्या सजावटीतून तो झाडाला काय सांगत होता, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो, तर ते परके झाड वाटते तितके परके राहत नाही, आणि त्याचबरोबर ती शोभाही केवळ शोभा राहत नाही.

आज ज्याला ख्रिसमसचे झाड म्हणतात ते जर्मन भाषिक मुलखातून जगभर गेले. मध्ययुगात तेथे २४ डिसेंबर हा आदम आणि इव्ह यांचा दिवस मानीत. त्या सुमारास स्वर्गोद्यानाच्या कथेचे नाटक होई आणि त्यासाठी फर वृक्षाला सफरचंदे टांगून ज्ञानवृक्ष उभा करीत. कडक हिवाळ्यात इतर झाडे निष्पर्ण झालेली असताना फर तेवढा हिरवा राहतो, म्हणून तो निवडला गेला. १६०५ सालच्या एका लेखी वृत्तान्तात स्ट्रासबर्गमधील लोक घरात फरची झाडे उभी करून त्यांना रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पापड्या, बेगड आणि साखरेची मिठाई टांगीत असल्याची नोंद आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात लाउशा या गावच्या काच-कारागिरांनी फुंकून केलेले काचेचे गोळे सफरचंदांच्या जागी आले. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजविलेल्या झाडाभोवतीचे चित्र १८४८ साली एका साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि ही चाल इंग्रजी जगात पसरली. म्हणजे, आज बाजारात मिळणारा चकचकीत लाल गोळा हा मुळात एक फळ आहे. ज्या ऋतूत झाडाला फळ येत नाही त्या ऋतूत माणसाने स्वतःच्या हाताने झाडाला फळ बांधले. वसंत परत येईल, भूमी पुन्हा पिकेल, हा भरवसा त्याने झाडाला आणि स्वतःलाही दिला. दिवे लावण्यामागेही तोच हेतू होता. वर्षातील सर्वांत लांब रात्रींत, सूर्य मावळतीकडे झुकल्यासारखा वाटत असता, हिरव्या फांदीवर ज्योत लावून त्याला परत बोलावावयाचे.

ही भावना ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. रोमन लोक नववर्षाच्या सणाला दारावर हिरव्या डहाळ्या बांधीत आणि दिवे लावीत. तर्तुल्लियन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने आपल्या अनुयायांना या गोष्टीवरून खडसावले होते. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधील ब्रागाचे बिशप मार्तिन यांनी संकलित केलेल्या नियमांत, जानेवारीच्या आरंभी घरे हिरव्या पाल्याने सजविण्यास मनाई केलेली आढळते. आठव्या शतकात बोनिफेस या धर्मप्रचारकाने जर्मन लोकांच्या डोनार देवतेचा ओक वृक्ष तोडून त्याच्या लाकडातून प्रार्थनागृह उभारले, अशी कथा त्याच्या चरित्रात आहे. परंतु मनाई झाली, कुऱ्हाड चालली, तरी हिरवी फांदी काही माणसाच्या दारातून गेली नाही. शेवटी धर्मानेच तिला आपल्या अंगणात जागा दिली आणि तिचा अर्थ आपल्या भाषेत लावून घेतला.

गोमंतकीयांना या इतिहासाचे नवल वाटू नये. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने जो जाहीरनामा काढला, त्यात नवख्रिस्ती घरांच्या आवारात तुळस लावण्यासही बंदी होती. दीड हात उंचीच्या एका रोपट्याची सत्तेला इतकी धास्ती वाटावी, यावरूनच त्या रोपट्यात काय साठविलेले होते हे कळते. तुळस हे त्या काळी केवळ झाड नव्हते. घराचा मृत माणसांशी, देवाशी आणि शेजाऱ्यांशी असलेला संबंध त्या एका वृंदावनात एकवटलेला होता. आज आमच्या गावांत वृंदावन आणि खुरीस एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभे आहेत, दोन्हींपुढे सांजवेळी दिवा लागतो, ही गोष्ट त्या जाहीरनाम्याहून अधिक टिकाऊ ठरली.

आपल्या सणांकडे या दृष्टीने पाहिले, तर सजविलेले झाड वर्षभर आपल्या सोबत आहे असे दिसेल. शिमग्यात पोफळ किंवा आंबा मिरवीत आणून होळी उभी करतात आणि तिला आंब्याचे टाळे बांधतात. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला ऊस, आवळ्याची व चिंचेची डहाळी आणि दिंडा लागतो. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतो-घेतो. जेठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात. या सर्वांत गोमंतकाची खास अशी जी माटोळी, तिला तर तोड नाही. गणपतीच्या मखरावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे कातरे, केळ्यांचे घड बांधावयाचे आणि त्यांच्या जोडीला रानातली फळे, फुले, शेंगा, कंद आणून बांधावयाचे. माटोळी म्हणजे एका अर्थी मुळे नसलेले, उलटे टांगलेले झाड. फरक इतकाच, की युरोपातील माणूस उणिवेच्या ऋतूत झाडाला फळ बांधून पुढच्या वर्षाची आशा करी, तर आपण पावसाने न्हालेल्या भाद्रपदात रानाने जे दिले ते रानाच्या धन्यापुढे मांडतो. एकात मागणे आहे, दुसऱ्यात पावती आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच करार आहे, तो असा, की आम्ही तुझ्या जिवावर जगतो, हे आम्हांस ठाऊक आहे.

या माटोळीत बांधल्या जाणाऱ्या रानफळांत माट्टीचे पाच पंखांसारख्या कडांचे फळ असते. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. कोकणात त्याला ऐन म्हणतात. हेच झाड गोदावरीच्या पलीकडे तेलुगू मुलखात मद्दी आणि गोंडांच्या रानात साज म्हणून ओळखले जाते. नावे अनेक असली तरी वृक्ष एकच आहे. गोंड लोक आपल्या थोर देवाचा वास साजाच्या झाडात मानतात. मोहाची नवी फुले देवाला दाखविल्याखेरीज ते तोंडात घालीत नाहीत. आपण ज्याचे फळ गणपतीच्या माथ्यावर बांधतो, त्याच झाडाखाली सह्याद्रीपासून शेकडो कोस दूर असलेला एक समाज माथा टेकतो, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? ज्या मुलखातून आम्हांस या लेखाचे खरे सांगणे सापडले, तो हा मुलूख होय, आणि त्यातील गावाचे नाव निर्मल.

निर्मल हे पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गाव, २०१६ पासून तेलंगणातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण. मराठी माणसाला हा भाग अनोळखी नाही. मुलांना पहिले अक्षर गिरवावयास लावण्यासाठी ज्या बासरच्या सरस्वतीला मराठी कुटुंबे जातात, ते गोदाकाठचे बासर याच जिल्ह्यात आहे. भैंसा, मुधोळ या बाजूस मराठी घरोघर बोलली जाते. किनारपट्टीवरील वाचकांना आणखी एक नाते सांगता येईल. सावंतवाडीस जशी हलक्या लाकडाची रंगीत खेळणी आणि गंजिफा होतात, तशीच खेळणी आणि तशीच गंजिफा निर्मलची. सावंतवाडीचे कारागीर परंपरेने पांगाऱ्याचे लाकूड वापरीत, निर्मलचे नक्काश पोनिकी नावाच्या झाडाचे मऊ, वजनाला हलके लाकूड वापरतात. लाकडाचा भुसा आणि चिंचोक्यांची खळ यांच्या लगद्याने सांधे भरून ते फळे, पक्षी, प्राणी घडवितात. फळ झाडावरून काचेत गेले तसे येथे ते लाकडात आले, एवढेच.

या गावात सजविलेल्या झाडाची कल्पना आणखी एका रूपाने नांदते. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तेलंगणातील स्त्रिया बतुकम्मा मांडतात. तरवडाची पिवळी फुले, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, झेंडू, कमळे यांचे थरावर थर रचून शंकूच्या आकाराचा फुलांचा डोलारा उभा करावयाचा, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणावयाची आणि शेवटी तो तळ्यात सोडावयाचा. बतुकु म्हणजे जगणे, जीवन. ज्या फुलांना कोणी बागेत लावीत नाही, जी बांधावर आणि माळावर आपोआप उगवतात, त्यांनाच या सणात देवीचा मान मिळतो. लगोलग दसऱ्याला शमीच्या झाडाची पूजा होते आणि तिची पाने सोने म्हणून एकमेकांच्या हाती दिली जातात. आपल्या आपट्याची ही सख्खी बहीण. या सणांच्या गजरात निर्मलच्या लोकांना आणखी एका झाडाची आठवण बाळगावी लागते. त्या झाडाला जे टांगले गेले, ते फूलही नव्हते आणि फळही नव्हते.

१८५७ च्या उठावाची धग उत्तरेत शमत आली असता गोदावरीच्या या खोऱ्यात ती भडकली होती. रामजी गोंड यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी, आणि त्यांच्या साथीला आलेल्या रोहिल्यांनी, निजाम व इंग्रज यांच्या फौजांशी निर्मलच्या रानात झुंज दिली. शेवटी रामजी पकडले गेले. १८६० च्या एप्रिलमध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निर्मल येथे एका विशाल वडाच्या फांद्यांना फाशी देण्यात आले. लोकपरंपरा हा आकडा एक हजार सांगते. त्या दिवसापासून त्या झाडाचे नाव पडले ‘वेयि उरुल मर्री’, म्हणजे हजार फासांचा वड. तो वड आज उभा नाही. वादळवाऱ्याने तो कोसळला. परंतु झाड गेले तरी नाव गेले नाही. दरबारी दप्तरांनी ज्या माणसांना बंडखोर म्हणून दोन ओळींत संपविले असेल, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या एका झाडाच्या नावाने जिवंत ठेवले.

या घटनेतील क्रौर्य केवळ संख्येत नाही. वड हा आपल्या समजुतीप्रमाणे मृत्यूवर मात करणारा वृक्ष. लाकूडतोडीस गेलेल्या सत्यवानाचे प्राण सावित्रीने यमाकडून परत मिळविले ते वडाच्या सावलीत, असे परंपरा सांगते. प्रयागच्या वडाला तर आपण अक्षय म्हणतो. एक खोड जीर्ण झाले, तर पारंब्या जमिनीत उतरून नवी खोडे होतात, हा गुण पाहूनच पूर्वजांनी त्याला दीर्घायुष्याचे प्रतीक केले. ज्या वृक्षाला सूत गुंडाळून आपल्या लेकी-सुना आयुष्य मागतात, त्याच वृक्षाला दोर बांधून निर्मलच्या किती सावित्रींचे सौभाग्य एका दिवसात हिरावून घेतले गेले! फाशी देणाऱ्यांना सोयीची, मजबूत फांदी हवी होती, एवढाच कदाचित त्यांचा विचार असेल. परंतु गोंडांसारख्या झाडात देव पाहणाऱ्या समाजापुढे, झाडालाच वधस्तंभ करून दाखविण्याचा परिणाम काय होईल, हे सत्तेला कळत नसेल असे आम्हांस वाटत नाही.

आणि तरीही सत्तेचा डाव साधला नाही, हे निर्मलचे खरे सांगणे आहे. लोकांनी त्या वडाला भुताचे झाड म्हणून वाळीत टाकले नाही. त्यांनी त्याला नाव दिले. ज्यांना दहशतीचे चिन्ह म्हणून लटकविले होते त्यांना लोकांनी आपले पूर्वज मानले. झाडाला काय टांगावे हे सत्तेने ठरविले, पण टांगलेल्याचा अर्थ काय लावावा हे लोकांनी ठरविले. बोनिफेसच्या कुऱ्हाडीपासून गोव्यातील जाहीरनाम्यापर्यंत आणि तेथून निर्मलच्या फासापर्यंत हीच एक गोष्ट वारंवार दिसते. झाडाचा अर्थ हुकुमाने पुसता येत नाही. तो पुसला जातो एकाच मार्गाने, तो म्हणजे लोकांच्या स्वतःच्या विस्मृतीने.

हा शेवटचा धोका आज आपल्या दारात उभा आहे, म्हणून हा विषय येथे काढण्याचे प्रयोजन. आपल्याला आता कोणी तुळस लावावयास मनाई करीत नाही. वडाखाली कोणी फास बांधीत नाही. तरीही वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी शहरांच्या बाजारांत वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे भारे विकावयास येतात, आणि दीर्घायुष्य मागण्यासाठी आपण वडाचेच आयुष्य तोडून घरी आणतो. दसऱ्याला आपट्याचे झाड ओरबाडले जाते, आणि सायंकाळी ते सोने रस्त्यावर पायदळी पडलेले असते. माटोळीत प्लॅस्टिकची द्राक्षे आणि थर्माकोलची सफरचंदे शिरू लागली आहेत, आणि खऱ्या रानफळांची नावे घरातील जाणत्या बाईखेरीज कोणाला येईनाशी झाली आहेत. कोणी म्हणेल, प्लॅस्टिकचे झाड निदान रान तरी तोडीत नाही! ते खरे आहे, आणि कापलेल्या फांदीपेक्षा ते वर्षानुवर्षे वापरलेले बरे, हेही आम्ही मान्य करतो. परंतु जे झाड कधी वाढत नाही, ज्याला पाणी घालावे लागत नाही आणि ज्याचे पान गळत नाही, त्याच्याशी कोणता करार होणार? त्याला आपण काहीही टांगले, तरी ते खुंटीला टांगल्यासारखेच होय.

निर्मलच्या कारागिरांना हे अधिक नेमके कळते, कारण त्यांचा प्रश्न पोटाचा आहे. त्यांच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, जाणकारांची दाद मिळाली, परंतु पोनिकीचे झाड रानात दुर्मिळ होत गेले, ही त्यांची जुनी तक्रार आहे. लाकूड देणारे झाड नसेल, तर मानांकनाचा कागद घेऊन काय घडवावयाचे? जी गत कारागिराची तीच भाविकाची. सावंतवाडीला पांगारा लागतो, निर्मलला पोनिकी, माटोळीला माट्टी, सावित्रीला वड. प्रतीक टिकावयाचे तर आधी झाड टिकले पाहिजे, ही साधी गोष्ट आपण सणांच्या उत्साहात विसरतो.

यावर उपाय मोठे नाहीत, पण ते नेमाने व्हावयास हवेत. माटोळीच्या स्पर्धा आपल्याकडे भरतात, ही स्तुत्य गोष्ट आहे. त्यांत केवळ किती दुर्मिळ जिन्नस बांधले यावर गुण न देता, स्पर्धकाने त्यांपैकी कोणती झाडे स्वतःच्या कुळागरात वा गावच्या जागेत लावून वाढविली, यालाही गुण असावेत. नाहीतर दुर्मिळतेच्या चढाओढीत रानातले शेवटचे रोपही उपटले जावयाचे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि देवस्थान समितीने देवराईच्या कडेला माटोळीच्या झाडांचा एक तुकडा राखावा आणि शाळेतील मुलांना श्रावणात तेथे नेऊन नावांची ओळख करून द्यावी. वटपौर्णिमेला फांदी न आणता गावच्या वडाकडे जावे, आणि जेथे वड उरला नसेल तेथे त्या दिवशी एक लावावा. रस्ता रुंद करताना आड येणाऱ्या वडा-पिंपळाचा निकाल एका सहीने न लागता, त्यापूर्वी गावाला विचारले जावे. नाताळाला ज्यांना झाड सजवावयाचे आहे, त्यांनी कुंडीतील जिवंत सुरू किंवा अंगणातील आंबा सजवावा. त्याने त्या सणाच्या मूळ भावनेला बाध येणार नाही, उलट ती अधिक उजळेल.

आणि निर्मलविषयी इतकेच म्हणावयाचे, की हुतात्म्यांसाठी स्तंभ व पुतळे उभारले जातात ते योग्यच आहे. तथापि हजार फासांच्या वडाचे खरे स्मारक वडच असू शकेल. त्या भूमीत वड वाढावा, त्याच्या पारंब्या उतराव्यात आणि बतुकम्माचा फेर धरणाऱ्या मुलींनी तेथे फुले वाहावीत. वड हा एका पिढीने लावावयाचा आणि चौथ्या पिढीने सावलीस बसावयाचे, असा वृक्ष आहे. ज्या पूर्वजांना त्याच्या फांदीवर मरण आले, त्यांच्या नातवंडांनी त्याच्या सावलीत बसणे, याहून मोठी सजावट त्याला दुसरी कोणती?

येत्या आठवड्यात आपल्याकडील अनेक घरांत, मग ती कोणत्याही धर्माची असोत, एखादे झाड दिव्यांनी उजळेल. ते उजळावेच. आमचे वाचकांस इतकेच सांगणे, की दिवा लावण्यापूर्वी त्या झाडाला मुळे आहेत की नाहीत, हे एकदा वाकून पाहावे. नसतील, तर पुढील पावसाळ्यात ती लावण्याचा संकल्प त्याच दिव्याच्या साक्षीने करावा.